लाल पट्टे लावले म्हणजे गाडी सेफ झाली? ट्रॅकवर न्यायच्या रोजच्या गाडीत काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही

इन्स्टावर 'मॉडिफाईड पोलो' किंवा 'स्टेज २ स्विफ्ट' एवढं शोधून बघा. थोडं स्क्रोल केलं की एक रील हमखास सापडते. कंपनीची सीट, कंपनीचं स्टेअरिंग आणि छातीवर मात्र चार पदरी लाल पट्टा. मध्ये गोल बकल, खाली डायलॉग आणि कमेंटमध्ये "भाई, कुठून घेतला?"

असे पट्टे ऑनलाईन सहज मिळतात. बसवायलाही फार वेळ लागत नाही. दिसायला तर एकदम रेसिंग. शिवाय साधा हिशोब डोक्यात असतोच, की तीन जागी बांधलेला माणूस जितका सुरक्षित, त्यापेक्षा चार जागी बांधलेला जास्त सुरक्षित असणार.

हा हिशोब चुकीचा आहे. चुकीच्या गाडीत, चुकीच्या सीटवर लावलेला चार पॉइंटचा पट्टा कंपनीच्या साध्या बेल्टपेक्षा जास्त इजा करू शकतो. असं का होतं, हे समजायला आधी कंपनीने गाडीत काय करून ठेवलंय ते बघावं लागेल.

कंपनीचा बेल्ट वाटतो तेवढा साधा नाही

आज आपण लावतो तो तीन पॉइंटचा बेल्ट १९५९ साली व्होल्वो कंपनीच्या नील्स बोलिन या इंजिनियरने आणला. एक पट्टा छातीवरून तिरका, दुसरा कंबरेवरून आडवा, आणि दोन्ही एकाच बकलमध्ये. साठ वर्षं उलटली तरी वरून दिसणारी रचना तीच आहे. आतलं सगळं मात्र बदललंय.

समजा गाडी पन्नास-पंचावन्नच्या स्पीडला समोर जाऊन धडकली. ती धडक साधारण एक दशांश सेकंदात संपते. डोळ्याची पापणी लवते त्याच्या आसपासचा वेळ. तेवढ्यात गाडीतला सेन्सर धडक ओळखतो, एअरबॅगच्या कॉम्प्युटरला कळवतो आणि कॉम्प्युटर ठरवतो की आता उडवायचं. पहिलं काम बेल्टचं. प्रीटेन्शनर नावाची छोटी स्फोटक यंत्रणा पट्टा काही सेंटिमीटर आत खेचते, म्हणजे तुमचं अंग सीटला टेकतं. त्याच सुमारास एअरबॅग फुगायला लागते. पुढे छातीवरचा दाब एका मर्यादेपेक्षा वाढला की बेल्टच्या गुंडाळीतली एक दांडी मुद्दाम पिळत जाते आणि पट्टा थोडा थोडा सोडते. याला लोड लिमिटर म्हणतात. पट्टा का सोडायचा? कारण छाती आणि डोकं एअरबॅगपर्यंत पोचायला हवं, आणि पट्ट्याने बरगड्याही मोडायला नकोत.

म्हणजे सीट, बेल्ट, एअरबॅग, स्टेअरिंगचा आत घुसणारा दांडा आणि चुरगळणारं बोनेट हे सगळे मिळून एक ठरलेला खेळ खेळतात. लग्नात बँडवाल्यांचं असतं तसंच. एकाने मध्येच दुसरी चाल धरली की सगळी वरात गोंधळते.

लाल पट्टा लावलात की यातला प्रीटेन्शनर गेला, लोड लिमिटर गेला आणि एअरबॅगचं टायमिंग ज्या हालचालीवर बेतलेलं होतं तीही गेली. त्या बदल्यात काय मिळालं?

चार पॉइंटची खरी भानगड

चार पॉइंटच्या हार्नेसमध्ये दोन पट्टे खांद्यांवरून येतात आणि दोन कंबरेवरून. चारही पोटासमोरच्या बकलला जोडलेले. आता धडक बसली की अंग पुढे जायला बघतं. खांद्यांचे पट्टे ताणले जातात आणि ते बकलला वर ओढतात. बकल वर गेलं की कंबरेचा पट्टाही वर सरकतो.

कंबरेच्या पट्ट्याने धरायचं असतं ते ओटीपोटाच्या हाडाला. ते हाड भक्कम असतं, बराच भार झेलतं. पट्टा त्याच्यावरून वर सटकला की तो मऊ पोटावर येतो. आत यकृत, प्लीहा, आतडी. माणूस पट्ट्याखालून पुढे घसरत जातो आणि पट्टा पोटात रुततो. इंग्रजीत याला सबमरीनिंग म्हणतात, पाणबुडीसारखं खाली जाणं म्हणून. नाव गमतीशीर वाटतं, इजा अजिबात गमतीची नसते.

म्हणूनच खऱ्या रेसच्या गाडीत पाचवा-सहावा पट्टा असतो. तो मांड्यांमधून वर येऊन बकलला खाली धरून ठेवतो. हा पट्टा यायला सीटच्या बैठकीला भोक लागतं आणि ते कंपनीच्या सीटला नसतं. बैठक कापून भोक करणारे महाभागही आहेत. त्यांच्याविषयी न बोललेलं बरं.

एक अपवाद सांगायला हवा, नाहीतर जाणकार कमेंटमध्ये धरतील. श्रोथ या जर्मन कंपनीचे काही चार पॉइंटचे पट्टे आहेत, ज्यांत एका खांद्याच्या पट्ट्यात मुद्दाम जास्त सैल होणारा भाग शिवलेला असतो. धडकेत एक खांदा थोडा जास्त पुढे जातो, अंग किंचित वळतं आणि तीन पॉइंटच्या बेल्टसारखंच कंबरेत अडकून राहतं. डोकं लावून केलेली गोष्ट आहे. पण ती ठरावीक गाड्यांच्या ठरावीक सीटसाठी असते. बाजारात हजार-दोन हजारांत मिळणाऱ्या लाल पट्ट्याचा तिच्याशी संबंध नाही.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, सहा पॉइंटचा घेतो. तर इथून पुढे खरी साखळी सुरू होते.

खांदे बांधले, मग डोक्याचं काय?

१८ फेब्रुवारी २००१. अमेरिकेत डेटोना ५०० ही नॅसकारची सगळ्यात मोठी रेस. शेवटचा लॅप, शेवटचं वळण. तीन नंबरची काळी गाडी भिंतीवर आदळली. टीव्हीवर बघणाऱ्यांना ही धडक फार भयंकर वाटलीच नाही, यापेक्षा कितीतरी वाईट दिसणाऱ्या अपघातांतून लोक चालत बाहेर आले होते. गाडीत डेल अर्नहार्ट होता, सात वेळचा चॅम्पियन. तो वाचला नाही. कवटीचा तळ, म्हणजे जिथे कवटी मानेवर बसते ती जागा, फ्रॅक्चर झाली होती.

अर्नहार्टच्या अंगावर रेसिंग हार्नेस होता. डाव्या बाजूचा कंबरेचा पट्टा तुटलेला सापडला आणि त्यावरून पुढे बराच वाद झाला. पण कवटीच्या तळाचं फ्रॅक्चर ही त्या एका दिवसाची गोष्ट नव्हती. त्याच्या आधीच्या वर्षभरात अ‍ॅडम पेटी, केनी अर्विन आणि टोनी रोपर हे तीन ड्रायव्हर नॅसकारच्याच स्पर्धांमध्ये अशाच डोक्या-मानेच्या दुखापतींनी गेले होते. १९९४ साली इमोला इथे फॉर्म्युला वनमध्ये रोलंड रात्झेनबर्गर गेला, तोही यानेच.

कारण सरळ भौतिकशास्त्राचं आहे. डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं, वर दीड किलोच्या आसपास हेल्मेट. खांदे पट्ट्यांनी सीटला घट्ट बांधलेले, त्यामुळे धड जागेवर थांबतं. डोक्याला कुणीच बांधलेलं नसतं. धडकेत ५० जी एवढा जोर आला तर सहा किलोचं ते ओझं तीनशे किलोसारखं पुढे खेचलं जातं, आणि त्याला धरून ठेवणारी एकच गोष्ट असते, मान.

तीन पॉइंटच्या बेल्टमध्ये धडही थोडं पुढे जातं, वळतं, आणि डोक्याखाली एअरबॅगची उशी येते. मानेवरचा ताण वाटला जातो. हार्नेसने तो सगळा मानेवर आणून ठेवला.

यावरचा उपाय अर्नहार्टच्या अपघाताच्या कितीतरी आधी तयार होता. १९८१ साली मिड-ओहायो ट्रॅकवर पॅट्रिक जाकमार हा ड्रायव्हर टेस्टिंग करताना गेला. जिम डाउनिंग हा त्याचा मित्र, स्वतःही रेसर. डाउनिंगचे मेव्हणे रॉबर्ट हबर्ड मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत बायोमेकॅनिक्सचे प्राध्यापक होते. दोघांनी मिळून 'हान्स' बनवलं. खांद्यांवर बसणारी कडक कॉलर, तिच्यावरून हार्नेसचे पट्टे जातात आणि दोन छोट्या दोऱ्यांनी ती हेल्मेटला जोडलेली असते. धड थांबलं की डोकंही त्याच्यासोबत थांबतं. एवढंच.

पण ड्रायव्हर ते घालायला तयार नव्हते. अवजड वाटतं, मान वळत नाही, गळफासासारखं वाटतं, अशी कारणं होती. अर्नहार्टनंतर चित्र पालटलं. ऑक्टोबर २००१ मध्ये नॅसकारने डोकं-मान धरणारं साधन सक्तीचं केलं आणि २००३ पासून फॉर्म्युला वनमध्ये हान्स सक्तीचं झालं.

आपल्या मुद्द्याचं इथे काय? तर हान्स खांद्यांच्या दोन पट्ट्यांखाली दाबलं गेलं तरच काम करतं. कंपनीच्या तीन पॉइंटच्या बेल्टखाली ते निरुपयोगी. आणि हार्नेस घेतला पण हान्स घेतलं नाही, तर तुम्ही २००० सालच्या त्या ड्रायव्हरांच्या जागी जाऊन बसता. रीलमध्ये पट्टा दिसतो, कॉलर दिसत नाही.

एक बदललं की दुसरं बदलावं लागतं

हार्नेस आणि हान्स घेतलं. आता खांद्यांचे पट्टे मागे कुठे बांधणार? ते खांद्यापासून मागे जवळजवळ आडवे जायला हवेत, फार तर वीसेक अंश खाली. आपल्याकडे ते सर्रास मागच्या सीटच्या बेल्टच्या बोल्टला, म्हणजे पार खाली फरशीला बांधतात. मग धडकेत पट्टे खांद्यांना खाली दाबतात आणि सगळा भार मणक्यावर उभा येतो. आडवे बांधायचे तर मागे आडवी दांडी हवी. म्हणजे हार्नेस बार किंवा हाफ केज.

पट्टे खांद्यांवर टिकायला सीटला वर दोन भोकं हवीत. म्हणजे बकेट सीट. कंपनीची सीट काढली की तिच्यातली साइड एअरबॅग गेली, सीटवर कोण बसलंय ते ओळखणारा सेन्सर गेला, आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा कायमचा पेटला. तो विझवायला गॅरेजवाले वायरमध्ये रेझिस्टर टाकून देतात. दिवा विझतो, कारण कॉम्प्युटरला वाटतं एअरबॅग जागेवर आहे. पुढच्या मालकालाही तसंच वाटतं. स्टेअरिंग बदललं तर ड्रायव्हरची एअरबॅग त्याच्यासोबत जाते हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो, कारण क्विक रिलीजवालं छोटं स्टेअरिंग लावून हायवेला फिरणारे खूप आहेत.

मग येतो रोल केज. गाडी उलटली तर छप्पर दबतं. तीन पॉइंटच्या बेल्टमध्ये माणूस बाजूला झुकू शकतो. बकेट सीट आणि हार्नेसमध्ये तो खांबासारखा ताठ बसलेला असतो आणि वरून छप्पर खाली येतं. म्हणून अनुभवी ट्रॅक प्रशिक्षक सांगतात की पूर्ण हार्नेस लावायचा तर छप्पर धरून ठेवणारा केज हवाच.

आणि केज लावला की? ट्रॅकवर डोक्यात हेल्मेट असतं. सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना नसतं. कानाच्या शेजारी चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटर जाडीचा स्टीलचा पाइप आणि मध्ये फक्त केस. साधी बाजूची धडक बसली तरी डोकं त्या पाइपवर आपटू शकतं. पाइपवर गुंडाळायला खास फोम येतो, पण तो हेल्मेट घातलेल्या डोक्याचा विचार करून बनवलेला कडक फोम असतो. बागेतल्या पाइपला गुंडाळतात तसला मऊ स्पंज लावलात तर दिसायला काळा दिसेल, तेवढाच उपयोग.

बघा, आपण फक्त एका लाल पट्ट्यापासून सुरुवात केली होती.

ज्या कंपन्या स्वतः ट्रॅकसाठी गाड्या बनवतात त्या यात काय करतात? पोर्शच्या ९११ जीटी३ ला क्लबस्पोर्ट नावाचं पॅकेज मिळतं. त्यात मागे बोल्टने बसवलेला हाफ केज, ड्रायव्हरसाठी सहा पॉइंटचा हार्नेस आणि आग विझवायचा सिलिंडर येतो. केज फक्त मागच्या भागात, ड्रायव्हरच्या डोक्यापासून लांब. आणि मुख्य म्हणजे तीन पॉइंटचा बेल्ट आणि एअरबॅग जागच्या जागीच असतात. ट्रॅकवर हार्नेस, रस्त्यावर साधा बेल्ट.

रस्त्यावर हार्नेस लावून चालत का नाही? घट्ट बांधला तर पुढे वाकता येत नाही. गल्लीच्या तोंडाशी डोकं पुढे काढून बघणं, उलटं बघून रिव्हर्स घेणं, काहीच जमत नाही. मग माणूस तो सैल करतो. सैल हार्नेसमध्ये तुम्ही आधी मोकळे पुढे जाता आणि मग एकदम अडकता, तेही लोड लिमिटर नसताना.

मग वर्षातून दोन-तीनदा ट्रॅकवर जाणाऱ्याने करायचं काय?

बेल्ट, सीट, एअरबॅग, छप्पर जसं आहे तसं ठेवायचं. एक तर पूर्ण कंपनीचा संच, नाहीतर पूर्ण रेसचा संच. अर्धा इकडचा अर्धा तिकडचा नको. आणि पूर्ण रेसचा संच बसवला की ती गाडी रस्त्याची राहिली नाही असं समजून ट्रेलरवर न्यायची.

पैसे खर्च करायचेच असतील तर ते धडक झाल्यानंतरच्या गोष्टींवर नकोत, आधीच्या गोष्टींवर करा. म्हणजे सगळ्यात आधी ब्रेक.

थोडं गणित करू. १२०० किलोची हॅचबॅक दीडशेच्या स्पीडवरून वळणासाठी साठवर आणायची. एवढ्या एका ब्रेकिंगमध्ये जी ऊर्जा काढून टाकावी लागते, तिच्यात अडीच लिटर पाणी घरातल्या तापमानापासून उकळीपर्यंत तापेल. ती ऊर्जा बहुतांशी चार चाकांच्या ब्रेकमध्ये, त्यातही जास्त पुढच्या दोन डिस्कमध्ये जाते. तीनेक सेकंदांत. आणि लॅपमध्ये असं चार-पाच वेळा, वीस मिनिटं. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर तुम्ही आयुष्यात एवढे ब्रेक सलग मारले नसतील.

ती उष्णता पॅडमधून पिस्टनला आणि पिस्टनमधून ब्रेक ऑईलला लागते. ब्रेक ऑईल हवेतली आर्द्रता शोषून घेतं. डॉट ३ प्रकारचं नवंकोरं ऑईल किमान २०५ अंशांपर्यंत उकळायला नको असा नियम आहे, पण त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मिसळलं की ती मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चं २३० आणि १५५. म्हणजे कोकणात किंवा मुंबईत दोन-तीन पावसाळे काढलेलं ऑईल ट्रॅकवर न्यायचं म्हणजे काय, ते कळलं असेल. ऑईल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय पॅडलवर टेकतो आणि पॅडल सरळ फरशीला जातं. समोर वळण.

त्यामुळे ट्रॅकला जायच्या आधी ताजं डॉट ४ किंवा डॉट ५.१ भरून घेणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी बदल. नावात घोळ आहे तेवढा लक्षात ठेवा, डॉट ५ वेगळं असतं. ते सिलिकॉनचं, बाकीच्यांत मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीत घालायचं नाही.

पॅडचंही असंच. पूर्ण रेसिंग पॅड तापल्यावर अप्रतिम धरतात, थंड असताना लाकडासारखे वागतात. सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर पडताच कुत्रं आडवं आलं तर तुमच्या हातात थंड पॅड असतात. रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी बनवलेले मधले पॅड मिळतात, तेच घ्यावेत. सेमी-स्लिक टायरलाही हाच न्याय. खाचा कमी म्हणून कोरड्यात पकड जास्त, आणि जुलैत घाटात पाण्यावर तरंगतात.

हेल्मेट बाईकचं चालेल का, हा हमखास येणारा प्रश्न. काही ठिकाणी चालवून घेतात. पण कारच्या हेल्मेटच्या स्नेल एसए दर्जात दोन गोष्टी जास्त तपासतात, आतलं अस्तर पेट घेतं का आणि रोल केजच्या पाइपवर आपटलं तर काय होतं. बाईकच्या हेल्मेटला या दोन्ही चाचण्या नसतात, कारण बाईकवर केज नसतो.

एबीएसचा फ्यूज काढणारे

'खरा ड्रायव्हर एबीएसशिवाय चालवतो' असं एक ज्ञान व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये फिरत असतं. काही जण ट्रॅकवर पोचल्यावर खरंच फ्यूज काढतात.

जुन्या गाड्यांमध्ये मागच्या चाकांना कमी ब्रेक लागावा म्हणून एक यांत्रिक व्हॉल्व्ह असायचा. ब्रेक मारला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, म्हणून त्यांना कमी दाब. आजच्या बहुतेक गाड्यांत हे काम एबीएसच्याच युनिटमधला ईबीडी करतो. फ्यूज काढला की एबीएससोबत ईबीडीही जातो. मग जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी स्वतःभोवती फिरते. म्हणजे एबीएस नसलेल्या जुन्या गाडीपेक्षा ही गाडी वाईट.

ईएससी, म्हणजे गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा, तिचं थोडं वेगळं आहे. ती चाकांना सुटे सुटे ब्रेक लावून गाडी सरळ करते, त्यामुळे ट्रॅकवर ब्रेक जास्त तापतात आणि पॅड लवकर झिजतात. म्हणून मुरलेले लोक ती बंद करतात. पण नवख्यासाठी डॅशबोर्डवर लुकलुकणारा तो पिवळा दिवा फुकटचा मास्तर आहे. तो ज्या वळणावर लुकलुकतो तिथे तुमचं काहीतरी चुकतंय. एका पूर्ण सेशनमध्ये तो एकदाही पेटला नाही, तर मग बंद करायचं बटण शोधा.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने मूळ ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही एका निकालात हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बेल्ट न लावण्याचा हजार रुपये दंड वेगळा.

जर्मनीत न्युरबुर्गरिंगच्या पावणेएकवीस किलोमीटरच्या जुन्या ट्रॅकवर लोक आपापल्या गाड्या घेऊन जातात, पण तिथेही केज किंवा हार्नेस लावला तर तो तपासणी संस्थेकडून पास करून कागदावर चढवावा लागतो. आपल्याकडे तशी सोपी वाट नाही, हे खरं दुखणं आहे. नीट केलेला बदल आणि जुगाड दोन्ही एकाच पारड्यात.

दंडापेक्षा मोठी गोष्ट विम्याची. आपल्या नेहमीच्या कार पॉलिसीत संघटित रेसिंग आणि स्पीड टेस्टिंगला संरक्षण नाही असं लिहिलेलं असतं. ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली तर खर्च तुमचा. आणि न कळवलेला बदल करून रस्त्यावर अपघात झाला तरी कंपनीला क्लेम अडवायला आयतं कारण मिळतं. त्यात दुसऱ्या कुणाला इजा झालेली असेल तर विचार करा.

ट्रॅकवर कधीच जाणार नाही त्यांनीही वाचा

सीट बेल्ट न लावता वाजणारा आवाज बंद करायला बकलमध्ये खुपसायची क्लिप आठवते? २०२३ साली केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाईन दुकानांना ती हटवायला लावली. समोरचे लोखंडी गार्ड २०१७ च्या शेवटी केंद्राने बेकायदा ठरवले. गार्डमुळे धडकेचा जोर वेगळ्या वाटेने गाडीत जातो, आणि एअरबॅगचा सेन्सर त्या जोरावरच निर्णय घेत असतो.

आणि सीट कव्हर. नवी गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात लेदरचं घट्ट कव्हर चढवायची आपल्याकडे रीत आहे. सीटच्या कडेला 'एअरबॅग' असं छोटं लेबल असेल तर साइड एअरबॅग तिथूनच शिवण फाडून बाहेर येते. त्याच्यावर जाड कव्हर असेल तर ती उशिरा किंवा भलत्या दिशेला फुगू शकते. त्या बाजूला शिवण मोकळी ठेवलेली कव्हर मिळतात. शोरूमवाला आपणहून सांगेलच असं नाही, विचारा.

परतीचा प्रवास

पुण्याहून कोइमतूरच्या कारी ट्रॅकला जायचं तर एका बाजूने साधारण बाराशे किलोमीटर. गाडी ट्रॅकवर धावणार जेमतेम तास-दीड तास. म्हणजे ज्या गाडीत तुम्ही ट्रॅकसाठी बदल करताय, तिचा बहुतेक वेळ ट्रक, एसटी, रॉंग साइडने येणारी बाईक आणि रात्रीची जनावरं यांच्यात जाणार आहे. अंगावर हेल्मेट आणि हान्स नसताना.

शेवटच्या सेशननंतर एक लॅप ब्रेक न मारता निवांत फिरवा, म्हणजे डिस्क थंड होतात. पार्किंगमध्ये हँडब्रेक ओढू नका, तापलेले पॅड डिस्कला चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. टायर तापले म्हणून ट्रॅकवर हवा कमी केली असेल तर निघण्याआधी पुन्हा भरा, थंड झाल्यावर ती आणखी कमी होते. चाकांचे नट पाना लावून बघा. पॅड किती उरलेत ते टॉर्च मारून बघा. ब्रेक पॅडल दोन-तीनदा दाबा. सकाळपेक्षा मऊ लागतंय? मग ऑईल उकळून गेलंय, आणि ते बदलल्याशिवाय किंवा निदान ब्लीड केल्याशिवाय त्या रात्री हायवेला लागू नका.